मधला नॉब

पहिली साडेपाच वर्षं माझ्या ॲम्पवरचा ‘मिडल’ नावाचा नॉब दोनच्या पुढे गेलाच नाही. त्याच साडेपाच वर्षांत मी दोनदा स्पीकर बदलले, तीनदा ट्यूब बदलल्या, गिटारचे पिकअप बदलले, चार डिस्टॉर्शन पेडल घेतली आणि त्यातली तीन पडत्या भावात विकली. हवा होता एकच आवाज. पुण्यात कॉलेजला असताना कॅसेटवर ऐकलेला, साठ-सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश रॉकचा, जाड, उबदार, टोकाला किंचित फाटलेला गिटारचा आवाज. तो मिळत नव्हता आणि का मिळत नाही याचं उत्तर मी दर वेळी दुकानात शोधत होतो. हे सगळं आता सविस्तर लिहितो आहे, कारण याच चुका करणारी मंडळी मला आजही भेटतात आणि यातली एक चूक अशी आहे की तिची भरपाई होत नाही.

नोकरीनिमित्त लंडनला आलो तेव्हा राहायला जागा मिळाली वेस्ट ईलिंगला. तिथून पुढचंच उपनगर हॅनवेल. तिथल्या अक्सब्रिज रोडवर जिम मार्शल नावाच्या, ड्रम वाजवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसाने १९६० मध्ये वाद्यांचं दुकान काढलं होतं. पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर अशी गिटार वाजवणारी तेव्हाची तरुण मुलं तिथे यायची. अमेरिकेहून येणारे फेंडर ॲम्प महाग पडायचे आणि या मुलांना हवा तो दणका त्यांत नव्हता. मार्शलने केन ब्रॅन हा दुरुस्तीतला माणूस आणि डडली क्रेव्हन हा इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा कोवळा पोरगा हाताशी धरला, फेंडरचा ‘बेसमन’ समोर ठेवला आणि १९६२ मध्ये त्याच सर्किटवर पहिला जेटीएम ४५ हा ॲम्प बांधला. सुटे भाग इंग्लंडात मिळतील ते घेतले, ट्यूब वेगळ्या, स्पीकर सेलेस्टियनचे. त्या फरकांतून एक वेगळाच आवाज जन्माला आला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या रेकॉर्डवर लेस पॉल गिटार आणि मार्शल ॲम्प यांची जोडी लावली आणि स्टुडिओतही स्टेजवर वाजवतो तितक्याच मोठ्याने वाजवायचा हट्ट धरला. त्या रेकॉर्डनंतर रॉक गिटारचा आवाज म्हणजे हाच, असं जगाने ठरवून टाकलं.

या रस्त्याने मी रोज बसने घरी यायचो. मनात ते दुकान घर करून बसलं आणि २००८ मध्ये मी एक मार्शल विकत घेतला: मॉडेल १९८७, पन्नास वॅट, ईएल३४ जातीच्या दोन मोठ्या ट्यूब, ईसीसी८३ जातीच्या तीन छोट्या. (या कंपनीच्या मॉडेलांचे आकडे फसवे आहेत. मॉडेल १९५९ हे शंभर वॅटचं, ते आलं १९६५ मध्ये. माझं १९८७ मुळात साठच्या दशकातलं. माझ्याकडे आला तो पुढे पुन्हा काढलेला अवतार.) घरी आणून तो चालू केला, ट्यूबच्या पोटात केशरी उजेड दिसायला लागला आणि मला आजोळचा रेडिओ आठवला. तोही असाच आधी तापायचा आणि मग बोलायचा. आमच्याकडे त्या काचेच्या नळ्यांना ‘व्हॉल्व्ह’ म्हणत. इंग्लंडात अजूनही तोच शब्द आहे.

पहिली चूक त्याच संध्याकाळी झाली. भाड्याचा फ्लॅट, लाकडी जमीन, खाली एक वयस्क जोडपं. या ॲम्पला मास्टर व्हॉल्यूम नाही. तो प्रकार मार्शलने सत्तरच्या दशकाच्या मध्यात आणला. माझ्या मॉडेलमध्ये आवाज एकाच जागी ठरतो आणि तो वाढवल्याशिवाय ट्यूब दमत नाहीत. ट्यूब दमायला लागल्या, त्यांच्या कुवतीपेक्षा जास्त सिग्नल त्यांच्याकडे गेला, की लहरीची टोकं हळूच गोल व्हायला लागतात, आवाज दाटतो, लांबतो. हवा तो आवाज त्या दमण्यातच असतो. मी मात्र व्हॉल्यूम दीडवर ठेवायचो. दीडवर हा ॲम्प अगदी स्वच्छ, कोरडा आणि कानाला टोचणारा वाजतो.

तो का टोचतो, हे मला फार उशिरा कळलं. या ॲम्पला दोन चॅनल असतात. ज्याला सगळे गिटार लावतात त्या पहिल्या चॅनलच्या व्हॉल्यूम नॉबवर एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. नॉब खाली असताना तो वरच्या पट्टीचे स्वर नॉबला वळसा घालून थेट पुढे पाठवतो. म्हणजे बाकीचा आवाज अडतो आणि फक्त चरचरीत भाग बाहेर येतो. नॉब जसा वर जाईल तसा हा परिणाम विरत जातो. ॲम्प बांधणाऱ्यांनी तो मोठ्या आवाजात वाजेल हे गृहीत धरलं होतं. दीडवर वाजवणारा भाडेकरू त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. मी मात्र निष्कर्ष काढला की ॲम्पमध्ये डिस्टॉर्शन कमी आहे. पेडल घेतलं, त्याचा गेन पूर्ण फिरवला. मग आवाज फाटला खरा, पण बारीक आणि कोंदट झाला. त्यावर उपाय म्हणून बेस आठवर नेला. तरी काहीतरी नाकात बोलल्यासारखं वाटत होतं, म्हणून मिडल दोनवर आणला.

आणि मग तो आवाज मला आवडला. माझ्या सगळ्या चुकांच्या तळाशी हीच गोष्ट आहे. खोलीत एकटा बसून, हळू आवाजात, बेस आणि ट्रेबल वर आणि मधला भाग कापलेला, असा आवाज फार मोठा, फार भारदस्त वाटतो. याला कारण आपला कान आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की हळू आवाजात माणसाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, मधले बरे ऐकू येतात. त्यामुळे हळू वाजवताना आपण नकळत खालचं-वरचं वाढवत बसतो. तोच ॲम्प त्याच नॉबांसकट मोठा केला की कानाला खालचे-वरचे स्वरही नीट ऐकू येतात, आणि आपण वाढवून ठेवलेला सगळा बेस आणि सगळा ट्रेबल एकदम अंगावर येतो. घरी जुळवलेला आवाज प्रॅक्टिसला कधीच का टिकत नाही, त्याचं हे उत्तर. मी ते नशिबावर, हॉलवर, ड्रमवाल्यावर ढकलत आलो.

ऑफिसातल्या चौघांनी मिळून बँड केला होता. ड्रमवाला इंग्लिश, गाणारा आयरिश, बेस गिटार वाजवणारा नागपूरचा. दर रविवारी तासाच्या भाड्याने खोली घ्यायचो. पहिल्याच रविवारी गाणं संपल्यावर नागपूरवाला माझ्याकडे वळून म्हणाला, “काय वाजवून राहिला बे तू? मले तं काहीच ऐकू नाही येत.” मी आवाज वाढवला. पुढच्या गाण्यानंतर तो म्हणाला, “आता मोठा झाला, पण काय वाजवून राहिला ते समजतच नाही.” मी अजून वाढवला. ड्रमवाल्याने जोर वाढवला, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येईना. तासाभराने चौघंही चिडलेले. असे किती रविवार गेले याचा हिशेब करायचं धाडस मला अजून होत नाही. त्या मुलांनी मला सांभाळून घेतलं.

तो जे सांगत होता ते अगदी बरोबर होतं. बँडमध्ये खालचा प्रदेश बेस गिटारचा आणि ड्रमच्या पायाचा. अगदी वरचा प्रदेश झांजांचा. गिटारच्या वाट्याला मधला पट्टा येतो. मी तो पट्टाच दोनवर आणून ठेवला होता आणि उरलेल्या माझ्या आवाजाने खाली त्याच्या बेसशी आणि वर झांजांशी भांडत होतो. त्यात व्हॉल्यूम वाढवून काहीच साधत नव्हतं. भांडण फक्त मोठं होत होतं.

मग सुरू झाली खरेदी. स्पीकर बदलले, कारण जुन्या रेकॉर्डवर सेलेस्टियनचे पंचवीस वॅटचे, पाठीवर हिरवं झाकण असलेले स्पीकर होते. चांगले स्पीकर आहेत ते, आजही माझ्याकडे आहेत. पण मिडल दोनवर असताना ते मला काय देणार होते? ट्यूब बदलल्या. पिकअप बदलले. प्रत्येक नव्या वस्तूनंतर दोन-तीन दिवस वाटायचं की जमलं. मग रविवार यायचा. या सगळ्याला जेवढे पैसे लागले तेवढ्यात आई-बाबांची लंडनची एक खेप झाली असती, आणि हे मी त्या काळात बायकोला नीट सांगितलंही नव्हतं. ते सांगायला हवं होतं.

गेनबद्दलची चूक मला रेकॉर्डिंगने दाखवली. एका रविवारी ड्रमवाल्याने खोलीच्या कोपऱ्यात एक छोटा रेकॉर्डर ठेवला. घरी ऐकलं तर माझी दोन तारांची जाड कॉर्ड कशीबशी कळत होती, पण सहा तारांवर छेडलेली साधी जी मेजर म्हणजे नुसता गोंधळ. असं का होतं याचं कारण सरळ आहे. डिस्टॉर्शनमध्ये एकाच वेळी वाजणारे स्वर एकमेकांत मिसळतात आणि मुळात न वाजवलेले नवे स्वर तयार करतात. षड्ज आणि पंचम एवढेच असतील तर हे नवे स्वर त्यांच्याशी जुळतात. गंधार आला की खडखडाट सुरू होतो. गेन जितका जास्त तितका तो वाढतो. ज्या रेकॉर्ड ऐकून मी वेडा झालो होतो त्या मी या नव्या कानाने पुन्हा ऐकायला बसलो आणि थक्क झालो. एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ हा १९८० चा अल्बम माझ्या लेखी डिस्टॉर्शनचा कळस होता. त्यातली माल्कम यंगची गिटार जवळजवळ स्वच्छ आहे. एकेक तार मोजता येते. जोर आहे तो त्याच्या उजव्या हातात, जाड तारांवर पडणाऱ्या फटक्यात, आणि दोन भाऊ एकाच वेळी दोन गिटारी वाजवताहेत त्यात. आपण रेकॉर्डवर ‘एक जाड गिटार’ म्हणून जे ऐकतो ते बहुतेक वेळा दोन किंवा अधिक पातळ गिटारी आणि त्यांच्याखाली बेस असा थर असतो. मी एकट्याच्या गिटारमधून अख्ख्या बँडचा आवाज काढायला बघत होतो.

अजून एक समजूत तिथेच गळून पडली. मोठ्या आवाजाला मोठा ॲम्प लागतो असं मला वाटायचं. १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत लेड झेपलिनच्या पहिल्या रेकॉर्डवर जिमी पेजने वाजवली ती टेलिकास्टर गिटार आणि सुप्रोचा ॲम्प. ‘लायला’ या अल्बमच्या वेळी, १९७० मध्ये मायामीला, क्लॅप्टनकडे फेंडरचा चिमुकला चॅम्प होता. छोटा ॲम्प लवकर दमतो आणि दमलेल्या ट्यूबचा आवाज मायक्रोफोनला हवा तेवढा मोठा असतोच. पाच वॅट आणि पन्नास वॅट यांतला फरक कानाला दहापट वाटत नाही. साधारण दुप्पट वाटतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मला पाच वॅटचा ॲम्प पुरला असता, पण मला तो नको होता. मला हॅनवेलच्या रस्त्यावरचा हवा होता.

२०१३ च्या सुमारास मी ॲम्प जाळला.

एका रविवारी ॲम्पपासून स्पीकरच्या पेटीकडे जाणारी वायर घरी राहिली होती. मी गिटारची एक जादा वायर लावली. दोन्ही टोकांची पिन सारखी, खाचेत बसली, आवाज आला. गिटारच्या वायरीच्या आत मधोमध अगदी बारीक तांब्याची तार असते आणि भोवती जाळी, कारण तिला जेमतेम सिग्नल न्यायचा असतो. स्पीकरकडे जाणारा जोरदार करंट तिला पेलत नाही. तिसऱ्या गाण्यात आवाज चिरकला आणि बंद झाला. मी काय केलं? व्हॉल्यूम वाढवला. तारा अजून जोरात छेडल्या. पिन हलवून पाहिली, पुन्हा छेडल्या. ट्यूब ॲम्पला स्पीकर जोडलेला नसला की आऊटपुट ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला जायला वाट राहत नाही. तिथे प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि ते वेटोळ्यांमधलं इन्सुलेशन फोडतं. वास आला तेव्हा नागपूरवाल्याने धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. त्यानंतर त्या ॲम्पशेजारी मी बराच वेळ उकिडवा बसून होतो. आपल्या हातांनी हे झालं, निष्काळजीपणाने झालं, एवढंच डोक्यात होतं.

दुरुस्त करणारा गृहस्थ सत्तरीचा होता. घरामागच्या शेडमध्ये काम करायचा. मी मदत करायला पुढे झालो तसा त्याने हात आडवा धरला. बंद करून ठेवलेल्या ॲम्पच्या कपॅसिटरांमध्येही चारशेच्या वर व्होल्ट साठून असतात, आत बोट घालणारा माणूस मरू शकतो, हे त्याने मला आवाज न चढवता सांगितलं. नवा ट्रान्सफॉर्मर यायला तीन आठवडे लागले.

न्यायला गेलो तेव्हा त्याने ॲम्प टेबलावर, आपल्या छातीच्या उंचीवर ठेवला होता. नॉब मी सोडून गेलो होतो तसेच होते: प्रेझेन्स सात, बेस आठ, मिडल दोन, ट्रेबल आठ. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे तू असं वाजवतोस?” मी हो म्हटलं. तो म्हणाला, “बेस, मिडल, ट्रेबल ही तिन्ही बटणं काही वाढवत नाहीत. फक्त कापतात. दहावर असलं म्हणजे कमीत कमी कापलं, एवढंच. तू ॲम्पचा मधला भाग कापून बाहेर फेकत होतास.”

हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ट्रेबल, मिडल, बेस हे ॲम्पच्या आतलं एक साधं गाळण आहे. त्यात स्वतःची ताकद काही नाही. शिवाय तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत. एक हलवलं की दुसऱ्याची जागा बदलते. म्हणून कुणा दुसऱ्याच्या ॲम्पवरचे आकडे आपल्या ॲम्पवर उतरवून काही हाती लागत नाही. मी कित्येक वर्षं मासिकांमधून असे आकडे उतरवून वहीत लिहिले होते.

त्याने वीतभर वायर घेतली आणि पहिल्या चॅनलच्या मोकळ्या भोकातून दुसऱ्या चॅनलमध्ये टाकली, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र झाले. दुसरा चॅनल मंद, गडद. तो पहिल्याची चरचर झाकतो. प्रेझेन्स दोन, बेस तीन, मिडल आठ, ट्रेबल पाच. दोन्ही व्हॉल्यूम सहाच्या आसपास. पेडल नाही. कानांवर बांधकामावरचे मजूर घालतात तसले जाड पट्टे चढवले, मलाही दिले. आपली रंग उडालेली गिटार घेतली आणि तिचा स्वतःचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणला. मग एक कॉर्ड छेडली. ए मेजर. फक्त एकदा.

आवाज स्वच्छ होता आणि तरी त्याच्या कडा जिवंत होत्या. मग त्याने करंगळीने गिटारचा नॉब थोडा वर नेला, तीच कॉर्ड तितक्याच जोराने छेडली, आणि तो आवाज फुलला. त्यात भर कुठून आली ते कळलं नाही, पण सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या आणि त्यांच्यावर आणखी काहीतरी तरंगत होतं. मी तो आवाज ओळखला. कॅसेटवरचा ओळखला, आणि त्याच्याही आधीचा ओळखला.

आमच्या घरी मिरजेचा तानपुरा होता. आई रोज सकाळी गायला बसण्याआधी त्याची जवारी लावायची. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवत जायची, मध्येच तार छेडायची, पुन्हा सरकवायची. दोरा चुकीच्या जागी असला की तार मुकी वाजते किंवा नुसती झणझणते. योग्य जागी आला की एका तारेतून अनेक स्वर उमलतात, गंधार कुणी वाजवत नसताना ऐकू येतो. हे करताना ती तारेकडे बघत नसे. मान कललेली, नजर भिंतीवर कुठेतरी, आणि कान तुंब्याजवळ. दोरा कुठे असावा याचा आकडा नव्हता. पावसाळ्यात तो एका जागी असे, उन्हाळ्यात दुसऱ्या. मी हे लहानपणापासून हजार वेळा पाहिलं होतं. आणि माझ्या ॲम्पसमोर मात्र मी आकडे वाचत, डोळ्यांनी आवाज जुळवत होतो. त्या शेडमध्ये मला आईची फार आठवण आली.

त्याच आठवड्यात रविवारी मी एक गोष्ट केली जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. स्पीकरची पेटी जमिनीवर असायची आणि मी तिच्यासमोर उभा. वरच्या पट्टीचे स्वर स्पीकरच्या मध्यातून टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. माझ्याकडे तो झोत गुडघ्याला लागत होता आणि कानाला फक्त बाजूने सांडलेला मंद आवाज येत होता. म्हणून मी ट्रेबल वाढवत गेलो, प्रेझेन्स वाढवत गेलो. त्या रविवारी मी गिटार नागपूरवाल्याच्या हातात दिली, जुने नॉब जसेच्या तसे लावले, कानात कापूस घातला आणि पेटीसमोर दहा फुटांवर जमिनीवर बसलो. त्याने एक कॉर्ड छेडली आणि मी झटकन मान फिरवली. सुई टोचावी तसं ते होतं. साडेपाच वर्षं, प्रत्येक छोट्या कार्यक्रमात, पुढच्या रांगेत बसलेल्या माणसांना मी हे दिलं होतं. ती माणसं शेवटपर्यंत बसायची, टाळ्या वाजवायची. त्यांची माफी मागायला आज काही मार्ग नाही.

आता पेटी खुर्चीवर असते, मागे थोडी कललेली. घरी पाच वॅटचा ॲम्प आहे. मोठा ॲम्प प्रॅक्टिसच्या खोलीत, आणि स्पीकरची वायर त्याच्या हँडलला बांधलेली. नॉब सगळ्यांबरोबर वाजवतानाच लावतो, एकटा असताना नाही. ड्रम आणि बेस चालू असताना मिडल हळूहळू वर नेतो. एका जागी गिटार अचानक समोर येते, त्यासाठी व्हॉल्यूम वाढवावा लागत नाही. आधी बेस तीनवर असला तरी शेवटी बहुतेक वेळा दोनवर येतो. एकट्याने ऐकलं तर हा आवाज नाकात बोलल्यासारखा, थोडा कर्कशच वाटतो. त्याला बँडमध्येच ऐकायचं असतं. बाकीचं काम गिटारवरच्या नॉबवर: गाणं चालू असताना पाच, मधला तुकडा आला की दहा.

एक गोष्ट मात्र दुरुस्त झाली नाही. त्या साडेपाच वर्षांत, चुकीच्या आवाजाला मोठा करून बरोबर करू पाहताना, मी दर रविवारी दोन-तीन तास पेटीसमोर, डावा कान तिच्याकडे करून उभा राहिलो. शंभर डेसिबलला कान सुरक्षित राहतो तो दिवसाला पंधरा मिनिटं. पन्नास वॅटचा ॲम्प बंद खोलीत शंभर डेसिबल सहज ओलांडतो. माझ्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी आहे. ती २०१२ पासून आहे, रात्री जास्त ऐकू येते, आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे ती जाणार नाही. गेल्या वर्षी पुण्याला गेलो तेव्हा आईने तानपुरा काढला. जवारी लावून झाल्यावर तिने विचारलं, “बघ रे, लागली का?” मी उजवा कान पुढे केला.

पुण्यात, नाशिकला, मडगावला कुणी नुकताच ट्यूब ॲम्प घेतला असेल, घेणार असेल, तर माझी एकच विनंती आहे. वाद्यं वाजवणाऱ्यांसाठी कानात घालायचे वेगळे प्लग मिळतात. साध्या फोमच्या प्लगसारखे ते वरचे स्वर जास्त खात नाहीत, सगळा आवाज सारखाच खाली आणतात, त्यामुळे ते घालूनही नॉब नीट लावता येतात. एका पेडलच्या किमतीपेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतात. आधी ते घ्या.